कैरीसाठी बारा चिन्हं

मी सांगानेरहून बोलतोय. जयपूरचं विमानतळ आहे ना, तेच हे गाव. मध्येच विमानाचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो. युनिट एका ठाण्याहून हललं की तिथे 'हँडिंग-टेकिंग ओव्हर' होतं. खुर्च्या, ताडपत्र्या, बॅटऱ्या, सगळं मोजून, सह्या करून दुसऱ्याच्या हवाली करायचं. शेवटी एक छोटी तुकडी मागे थांबते आणि काही राहिलं नाही ना ते बघूनच निघते. नागरी आयुष्यात आलो आणि लक्षात आलं, की इंटरनेटवरची वस्ती उठते तेव्हा मागे थांबणारं कुणी नसतं. आपलं सामान आपणच काढायचं.

तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांना ऑर्कुट आठवत असेल. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं आणि जगात सगळ्यात जास्त चाललं ते ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे. ३० जून २०१४ ला गूगलनं जाहीर केलं की ३० सप्टेंबरला बंद. तीन महिन्यांची नोटीस, आणि फोटो, स्क्रॅप वगैरे उतरवून घ्यायला पुढे सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत. मी म्हणेन, हे सभ्यपणाचं झालं. याउलट २९ जून २०२० ची संध्याकाळ आठवा. सरकारनं टिकटॉकसह एकोणसाठ अ‍ॅप्सवर बंदी घातली. कारण सुरक्षेचं होतं, मी फौजी माणूस, त्यावर वाद घालणार नाही. पण गावोगावच्या पोरापोरींनी घातलेल्या व्हिडिओंना आवराआवरीला वेळ मिळाला नाही, हेही खरंच.

आता माझी गोष्ट. ती ऑर्कुटची नाही, नंतर बंद पडलेल्या एका दुसऱ्या ठिकाणाची आहे. नाव सांगून उपयोग नाही, कारण तक्रार घ्यायला तिथे आता कुणी नाही.

माझी पत्नी तिथे लिहायची. मराठीत. मी सीमेवर, ती क्वार्टरमध्ये, मुलगी पुण्यात शिकायला. महू, जबलपूर, भटिंडा, जिथे बदली होईल तिथलं काहीबाही लिहायची आणि तिच्या बहिणी, नणंदा, जुन्या शेजारणी खाली उत्तरं द्यायच्या. मी ते कधी वाचलं नाही. घरी आल्यावर ती सांगतेच आहे, मग वाचायचं कशाला, असा माझा हिशोब. ती गेली. दोनेक वर्षांनी बातमी आली की ते ठिकाण बंद होतंय, चाळीस दिवसांत सामान न्या.

पासवर्ड माहीत नव्हता. नवा मागवला तर ओटीपी तिच्या मोबाईलवर जाणार, आणि तो नंबर मीच बंद केला होता. पुढे तो कुणा दुसऱ्याला मिळाला असेल. शेवटी माळ्यावरून तिचा जुना लॅपटॉप काढला, बाजारातून चार्जर जुळवून आणला. त्यावर ती अजून लॉग-इन होती. अर्ज टाकला. चार दिवसांनी लिंक आली, ती सात दिवसच चालणार होती आणि मी एका लग्नाला सांगलीत. परत आलो तर मुदत संपलेली. पुन्हा अर्ज. दुसऱ्यांदा आली तेव्हा रात्री दीड वाजता उठून उतरवून घेतली.

फाईल उघडली आणि मराठीचं एकही अक्षर नाही! डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग एक शिंगं फुटलेला गोल, मग आणखी काहीतरी. पुन्हा तोच ए, मग जपानी येनची खूण. पानंच्या पानं असंच. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, फाईल खराब झालीय, सोडून द्या.

पण मी सिग्नल्सचा माणूस. खराब झालेल्या संदेशात शिस्त नसते, आणि इथे शिस्त होती. दर तीन चिन्हांपैकी पहिलं नेहमी तोच ए. दुसरं दोनांपैकी एक, गोल किंवा येन. तिसरं तेवढं बदलतं. दोन रात्री कागदावर मांडत बसलो. कारण साधं निघालं. संगणक देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीत तीन बाइटांमध्ये ठेवतो. फाईल बनवणाऱ्या प्रोग्रामनं प्रत्येक बाइट म्हणजे एक युरोपी अक्षर असं धरलं होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा घोटाळा दिसणारच नाही, कारण इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरतो. मी तक्ता समोर ठेवून पहिला शब्द हातानं सोडवला. बारा चिन्हं. क, दोन मात्रा, र, दीर्घ वेलांटी. कैरी.

मग भाच्यानं दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहून दिला आणि बाकी सगळं मिनिटभरात मराठीत आलं. कैरी भटिंड्याला कशी मिळत नाही, यावर तिनं दीड पान लिहिलं होतं.

इथवर ठीक. खरी उणीव पुढे कळली. उतरवून मिळतं ते आपण लिहिलेलं. दुसऱ्यांनी खाली जे लिहिलं ते त्यांचं, ते आपल्या पेटीत येत नाही. तत्त्व म्हणून बरोबरही आहे. पण हातात येतं ते टेलिफोनवरचं एका बाजूचं बोलणं. म्हणून सांगतो, असं काही बंद होतंय असं कळलं की एकट्यानं पेटी भरू नका. बहिणीला, मित्राला त्याच दिवशी फोन करा, तूही तुझं उतरव म्हणावं. मी फोन केले तेव्हा दार बंद होऊन आठवडा झाला होता.

कायद्याची मदत किती? युरोपात २०१८ पासून आपला डेटा वापरण्याजोग्या रूपात मागून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता, २०२३ च्या कायद्यात नाही. मात्र आपल्यामागे आपले हक्क कुणी वापरायचे ते नेमून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. आम्ही बँकेत नॉमिनी लावले, इथे लावायचं सुचलं नव्हतं.

सांगानेरला कागजी घराण्यांचा हातकागद मिळतो, सुती चिंध्यांच्या लगद्याचा. तिचं लिखाण त्यावर छापावं म्हटलं. प्रिंटरनं दोन पानं गिळली. मग गुळगुळीत जातीचा कागद आणला, आता एकशे चाळीस पानं बांधून घेतलीत.

त्यात सत्त्याण्णव पानावर एकच ओळ आहे. कुणाच्या तरी प्रश्नाला तिनं दिलेलं उत्तर. "हो, पण ह्यांना सांगू नकोस." प्रश्न गेला. तिच्या दोन्ही बहिणींना विचारलं, माझ्या बहिणीलाही विचारलं. आठवत नाही म्हणतात, आणि तिघीही हसतात.