शेंदूर शेंदरीच दिसावा म्हणून

(यंदाच्या स्मरणिकेच्या तयारीच्या वेळी, मंडळाच्या मासिक सभेत स्मरणिका समितीतर्फे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



स्मरणिका हातात पडली की पहिली तक्रार येते शुद्धलेखनाची आणि दुसरी, कोणाचा तरी फोटो राहिल्याची. या दोन्हींची आम्हाला सवय आहे. गेल्या वर्षी मात्र तिसरीच तक्रार आली, आणि ती मनाला लागली. मुखपृष्ठावर आपण एका जुन्या घराच्या देवघरातले गणपतीचे चित्र छापले होते. चित्र शिळाछाप, चार पिढ्या पुजलेले. अंक पाहून त्या घरच्या माई शांतपणे म्हणाल्या, "छान छापलंय, पण हा आमचा गणपती नाही."

त्यांचे खरे होते. मूळ चित्रातला शेंदरी रंग अंकावर विटकरी झाला होता. रेषा तीच, सोंड तीच, मोदक तोच; पण रंग बदलला आणि देव अनोळखी झाला.

छापखान्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. चौकशी केली तेव्हा चुका आमच्याच निघाल्या. चित्र आम्ही देवघरातल्या पिवळ्या दिव्याखाली मोबाइलवर टिपले. व्हॉट्सॲपवरून पाठवले. प्रूफ मोबाइलवरच पाहून "ओके" कळवले. वर ऐनवेळी खर्च वाचवायला कागद बदलला. मूळ चित्र छापखान्यातल्या कोणी पाहिलेच नव्हते. मग रंग जुळणार कशाशी?

त्यानंतर वर्षभर आम्ही जाणकारांना विचारले, छापखान्यात जाऊन बसलो, थोडे वाचले. जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग यांची जातच वेगळी. मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. तो स्वतः उजळतो. कागद उजळत नाही. त्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शाई शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. ऑफसेट छपाईत चार शाया असतात: सायन म्हणजे आकाशी निळा, मॅजेंटा म्हणजे राणी रंगाजवळचा गुलाबी, पिवळा आणि काळा. भिंग घेऊन कोणतेही छापील चित्र पाहा, या चार रंगांचे बारीक ठिपके दिसतील. शेंदरी रंग होतो तो भरपूर पिवळ्यावर मॅजेंटा बसून. त्यात आकाशी शाईचे थोडे ठिपके जरी मिसळले, तरी शेंदूर मळतो आणि विटकरी दिसू लागतो. गेल्या वर्षी नेमके हेच झाले.

मग शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रात हा रंग इतका तेजस्वी कसा? कारण ते चार शायांत छापलेलेच नाही. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे आणि त्या दगडाला लागणारी शाई त्याच रंगाची घोटलेली असे. शेंदरी हवा तर शेंदरी शाईच. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली देवादिकांची चित्रे अशीच एकावर एक दगड चढवून छापली जात. त्या कामाशी दादासाहेब फाळके यांचाही संबंध आला होता. चित्रपट काढण्यापूर्वी ते मुद्रक होते, आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला गेले होते. त्या काळी रंग जुळवणे म्हणजे सर्वस्वी कारागिराची नजर. नजर असलेला माणूस निवृत्त झाला की रंगही त्याच्याबरोबर जाई.

आपल्या ग्वाल्हेरलाही छपाईची परंपरा आहे. बाड्यावरची सरकारी छापखान्याची इमारत आपण सगळ्यांनी येता-जाता पाहिली आहे. पण रंगांची आठवण निघाली की आमच्या पिढीला आठवतात ते जे. बी. मंघाराम यांचे बिस्किटांचे डबे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या या कंपनीने इथे कारखाना उभारला, आणि तिच्या पत्र्याच्या डब्यांवर देवदेवतांची रंगीत चित्रे असत. बिस्किटे संपली तरी डबे कोणी टाकले नाहीत. कोणाच्या घरी त्यात सुया-दोरे राहिले, कोणाच्या घरी वाती. पत्र्यावर छापताना एक गोष्ट आधी करावी लागते. पत्रा राखाडी, म्हणून प्रथम त्यावर पांढरा थर चढवायचा आणि मग रंग. कागदाचेही तसेच आहे. कागदाचा पांढरेपणा हा छपाईतला पाचवा रंगच समजा. पिवळट कागदावर निळा हिरवट दिसतो, आणि शोषणाऱ्या कागदावर सगळेच मंद होते. प्लेटवर ५० टक्के असलेला ठिपका चकचकीत आर्ट पेपरवर शाई पसरून साधारण ६५ टक्क्यांसारखा दिसतो; साध्या मॅपलिथोवर त्याहून अधिक. छापखान्यात याला डॉट गेन म्हणतात. आम्ही ऐनवेळी कागद बदलला तेव्हा आकाशी ठिपकेही असेच फुगले.

आता मापाकडे येऊ. कपडा मीटरने मोजतो, साखर किलोने. रंग कशाने मोजायचा? आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ साली माणसाच्या नजरेवर आधारलेली रंगमोजणी ठरवली. १९७६ साली तिला अधिक सोयीचे रूप मिळाले, आणि त्यात प्रत्येक रंगाला तीन आकडे असतात: तो किती उजळ आहे, किती लालसर की हिरवट, किती पिवळसर की निळसर. दोन रंगांच्या आकड्यांतले अंतर म्हणजे डेल्टा ई. हे अंतर १ च्या आसपास असेल तर सरावलेल्या डोळ्यालाही फरक जेमतेम कळतो. ५ झाले की शेजारी ठेवल्यावर बहुतेकांना कळतो. हे आकडे सांगणारे यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. ते छापलेल्या रंगावर ठेवायचे, बटण दाबायचे आणि आकडे वाचायचे. शाईचा थर किती जाड बसला हे पाहायला डेन्सिटोमीटर. संगणकाचा पडदा तपासायला त्यावर टेकवायचे छोटे यंत्र वेगळे. ते पडद्यावर ठरावीक रंग एकामागून एक दाखवते, मोजते आणि पडदा कुठे चुकतो ते नोंदवते.

यात दोन शब्द सारखे ऐकू येतात: कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल. तानसेनाच्या आणि ग्वाल्हेर घराण्याच्या गावात ते समजावायला फार कष्ट नकोत. मैफलीपूर्वी तानपुरा लावतात, तबला मिळवतात, ते कॅलिब्रेशन. यंत्र ठरलेल्या स्थितीत आणणे, एवढाच त्याचा अर्थ. आणि अमुक गायक काळी एकमध्ये गातात, अमुक बाई काळी चारमध्ये, वर त्यांचा आवाज कुठपर्यंत जातो ही माहिती म्हणजे प्रोफाइल. प्रत्येक कॅमेरा, पडदा, छपाईचे यंत्र आणि कागद यांचा आवाका वेगळा. ही माहिती एकमेकांना समजेल अशा एकाच नमुन्यात लिहावी म्हणून १९९३ साली काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रंगसंघ स्थापला. त्याच्या आयसीसी प्रोफाइल आज जगभर चालतात.

आता समजा एखादी चीज गायकाच्या आवाक्याबाहेर जाते. मग काय करतो? षड्ज खाली घेतो. सुरांची नाती तीच राहतात, चीज ओळखू येते. किंवा बाकी सर्व तसेच ठेवून जो सूर लागत नाही तेवढाच जवळच्या सुरावर आणतो. पडद्यावरचे चित्र छपाईसाठी बदलताना संगणकही यातलाच एक मार्ग घेतो. कोणता घ्यायचा हे माणसाने ठरवायचे असते. आपण ठरवले नाही, तर यंत्र आपले ठरवून टाकते. आम्ही ठरवले नव्हते.

उजेडाची गोष्ट भगिनींना आमच्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. चंदेरी साडीवर ब्लाउजपीस जुळवायचा असेल तर आपण दुकानदाराला सांगून दाराशी उजेडात जाता. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात फटकून वागतात. छपाईच्या शास्त्राने तेच नियमात बांधले आहे: प्रूफ पाहायचे ते ५००० केल्विनच्या ठरलेल्या पांढऱ्या प्रकाशात, करड्या पार्श्वभूमीवर. तसा दिवा नसेल तर निदान सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी तरी पाहावे.

एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. रंग बिघडला आहे का हे भडक जागी कळत नाही, करड्या जागी कळते. सायन ५०, मॅजेंटा ४० आणि पिवळा ४० टक्के एकत्र छापले की साधारण करडा रंग यायला हवा. तो गुलाबी झाला तर मॅजेंटा जास्त, हिरवट झाला तर मॅजेंटा कमी. म्हणून शीटच्या कडेला रंगांची पट्टी छापतात आणि शेवटी कापून टाकतात. मशीनमन शाई कमी-जास्त करतो ते त्या पट्टीकडे पाहून.

यंदा आम्ही काय करत आहोत ते सांगतो. माईंकडून चित्र पुन्हा मागितले. त्यांनी दिले, हा त्यांचा मोठेपणा. ते काचेतून काढून दिवसाच्या पसरलेल्या उजेडात टिपले आणि शेजारी २४ चौकटींचा रंगतक्ता ठेवला, म्हणजे फोटोतले रंग मुळाशी ताडून पाहता येतील. मूळ चित्र घेऊन आम्ही स्वतः छापखान्यात गेलो. कागद आधी ठरवला आणि त्याच कागदाची प्रोफाइल वापरली. चार शायांत तो शेंदूर पूर्ण तेजाने येणार नाही, हे त्यांनी मोजून दाखवले. म्हणून खर्च थोडा वाढवून मुखपृष्ठापुरती पाचवी, शेंदरी शाई घ्यायचे ठरले.

एक प्रश्न समितीत बराच वेळ चालला. शंभर वर्षांत धूर, ऊन आणि व्हार्निश यांनी मूळ चित्रही बदलले आहे. मग खरा रंग कोणता, तेव्हाचा की आत्ताचा? तेव्हाचा कोणी पाहिलेला नाही. माईंनी लहानपणापासून ज्याला हात जोडले तो आत्ताचा. आम्ही तोच खरा धरला. यंत्र दोन रंगांतले अंतर अचूक सांगते. कोणत्या रंगाशी जुळवायचे हे मात्र माणसांनाच बसून ठरवावे लागते.

शेवटी आपल्या घरांसाठी चार शब्द. अनेक घरांत पणजोबांची तैलचित्रे आहेत, जरीच्या पगड्या आहेत, पैठण्या आहेत. मुले परगावी, परदेशी गेली. त्यांना फोटो पाठवले जातात, आणि उद्या कदाचित मूळ वस्तू राहणार नाही, फोटोच राहील. तेव्हा फोटो काढताना दिवसाचा उजेड घ्या, घरातले दिवे बंद करा, फ्लॅश नको. रंगतक्ता नसेल तर निदान पांढऱ्या कागदाचा तुकडा शेजारी ठेवा. मूळ फाइल जपा, व्हॉट्सॲपवरून फिरलेली नव्हे. आणि खाली दोन ओळी लिहून ठेवा: वस्तू कोणाची, केव्हा आणि कोणत्या उजेडात टिपली. लग्नपत्रिकेचे प्रूफ असले तरी ते कागदावर, दिवसाच पाहा आणि सही करून द्या.

हे बोलत असताना मुखपृष्ठ अजून मशीनवर चढलेले नाही. ते कसे येईल याची आम्हालाही धाकधूक आहे. उत्सवाच्या दिवसांत मूळ चित्र मंडपात दर्शनासाठी ठेवायला माईंनी परवानगी दिली आहे. आपण अंक घेऊन या, दिवसा या, चित्राशेजारी धरा आणि स्वतः पाहा. फरक दिसला तर सांगा. पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात करू.

गणपती बाप्पा मोरया!