विकत की परवान्याने?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत युनियनचा माणूस मुलांच्या व्हिडिओ गेमवर काय बोलणार, असे कोणास वाटले तर नवल नाही. पण आमचे उभे आयुष्य करार वाचण्यात गेले आहे. भोसरी-चाकणकडील आमचे सभासद दिवाळीचा बोनस हाती पडला की मुलाच्या हट्टापायी कन्सोल घेतात. तो बोनस भांडून मिळवलेला असतो. तो कशात जातो हे पाहणे आम्ही आमचेच काम समजतो.

प्लेस्टेशन ५ हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात विक्रीस आले, तेव्हा डिस्क घालता येणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि बिनडिस्कच्या यंत्राची ३९,९९०. दहा हजार वाचले म्हणून बाप खूष होतो. पण मग प्रत्येक खेळ कंपनीच्या इंटरनेटवरील दुकानातूनच डाउनलोड करावा लागतो. डिस्क खेळून झाली की शेजारच्या मुलाला देता येते, कमी भावात विकता येते. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके घेऊन शिकलेल्या आमच्यासारख्यांना यातली बचत समजावून सांगावी लागत नाही. डाउनलोड केलेला खेळ खात्याला चिकटलेला असतो. तो विकता येत नाही. ते खाते निदान आईबापांच्या नावावर असावे.

वेळेचाही हिशेब करावा. शंभर जीबीचा खेळ (आणि असे खेळ आता पुष्कळ आहेत) सेकंदाला ५० मेगाबिटच्या जोडणीवर उतरायला साडेचार तास घेतो. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर ५० दिवस!

पण हे सारे किरकोळ. खरी मेख 'परवाना' या शब्दात आहे. 'खरेदी करा' हे बटण आपण दाबतो. करारात मात्र लिहिलेले असते की, खेळ विकलेला नाही, वापरण्याचा परवाना दिला आहे. 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे काय, हे पुण्यात बिऱ्हाड शोधलेल्या कोणाला सांगायला नको. तेथे निदान अकरा महिन्यांची मुदत तरी लिहिलेली असते. येथे तीही नाही. युबिसॉफ्ट या कंपनीने २००८ साली आपल्या पुण्यातही स्टुडिओ थाटला. तिचा 'द क्रू' हा २०१४ सालचा मोटारशर्यतीचा खेळ तिने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपवला. ज्यांनी डिस्क घेतली होती, त्यांच्या हाती नुसती चकती उरली. म्हणून 'डिस्क घ्या' एवढ्याने भागत नाही; खेळ इंटरनेटवाचून चालतो काय, हे दुकानदाराला आधी विचारावे. २०२५ साली आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच २ च्या काही कार्डांत तर खेळ नसतोच, किल्ली असते. खेळ डाउनलोडच करावा लागतो.

परवान्यापुढे कायद्याचे काही चालत नाही, हे मात्र आम्हांस मान्य नाही. मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने राहणाऱ्यांना भाडेकरूंचा हक्क मिळाला. कागदावर शब्द परवान्याचाच होता. कायद्याने त्यामागची माणसे पाहिली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असे ठरविले आहे की, हा केवळ परवाना आहे हे ग्राहकास स्पष्ट सांगितल्यावाचून 'खरेदी' हा शब्द वापरता येणार नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादने घेतलेली आहेत. तेव्हा तसाच नियम येथे व्हावा, आणि ती सूचना मराठीतही असावी, अशा मागणीचा अर्ज आम्ही लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो दाराशी ठेवू. वाचूनच सही करावी.