एकास सत्त्याऐंशी

चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून २०१८ पर्यंत जो प्रवासी डबा तयार होत असे, त्याची लांबी २१.३ मीटर. आगगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांमध्ये रूढ असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात, म्हणजे ८७ पटींनी लहान केला, की तोच डबा साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. येथवर गणित सरळ आहे. अडचण रुळांपाशी सुरू होते. या प्रमाणाचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे, म्हणजे १४३५ मिलिमीटरांच्या युरोपीय मार्गास अनुरूप. आपला रुंदमापी मार्ग १६७६ मिलिमीटरांचा. त्याला सव्वाएकोणीस हवेत. तफावत क्षुल्लक वाटेल, पण समोरून पाहिल्यास डबा पाय जुळवून उभ्या राहिलेल्या स्थूल गृहस्थासारखा दिसतो. ते टाळायचे, तर रूळ, सांधे, चाके सारेच हाताने घडवावे लागते, आणि मग मित्राच्या रुळांवर आपली गाडी कधीच धावत नाही.

वजनाची गोष्ट तर विलक्षणच. ४० टनांचा डबा तिन्ही दिशांनी आक्रसला, की हिशेबाने अवघा ६१ ग्रॅम उरतो! इतका हलका डबा वळणावर रूळ सोडतो. म्हणून तळाशी शिसे दडवून त्याचे वजन दीडशे ग्रॅमांच्या वर न्यावे लागते.

रुळांतील खोट एक वेळ खपून जाते. खिडकीच्या गजांची मात्र खपत नाही. फलाटावरून कोणाला निरोप दिलेला प्रत्येक माणूस ते गज ओळखतो. सेंटिमीटरभर जाडीचा गज येथे जेमतेम केसाहून जाड उरतो. पितळी तारेचा असा एकेक गज डाख देऊन बसवायचा, आणि शेजारचा बसवताना आधीचा हमखास सुटून येतो.