खर्रा सोडताना तलफ कशी सांभाळायची



गटाच्या बैठकीत आपण दारूवर मोकळेपणाने बोलतो. कोणाचा नवरा किती पितो, कोणाच्या घरी पगाराच्या दिवशी भांडण झालं, सगळं निघतं. खर्ऱ्यावर मात्र कोणी बोलत नाही, कारण तिथे बोट आपल्याकडेच वळतं. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, की दोघी-तिघी हळूच उठून भिंतीआड जातात. परत येतात तेव्हा एक गाल फुगलेला असतो, आणि अध्यक्षबाईंनी काही विचारलं तर नुसती मान हलते. आम्ही समन्वयिका गावोगावच्या बैठकांना जातो तेव्हा हे नेहमी पाहतो. म्हणून आज खर्ऱ्यावर बोलायचं आहे. रागवायचं नाही. सोडावासा वाटतो पण सुटत नाही, असं म्हणणाऱ्या बायांसाठी हे बोलणं आहे.

आपण काही थोड्या नाही. २०१६-१७ मध्ये देशभर तंबाखूचं सर्वेक्षण झालं. त्यात महाराष्ट्रात साधारण दर सहा बायांमागे एक बाई तंबाखू वापरणारी निघाली, आणि त्यातल्या बहुतेक जणी तोंडात धरणाऱ्या किंवा दाताला लावणाऱ्या. पुरुषांत हेच प्रमाण तिघांमागे एकाहून थोडं जास्त होतं. आपल्याकडे कोणी खर्रा खाते, कोणी सकाळी नस घासते, गोंदियाकडच्या बाया गुडाखू लावतात. नाव वेगळं, आतला माल तोच.

लागतं कसं, हेही आपल्याला माहीत आहे. कोणाची दाढ दुखत होती, सासूने चिमूटभर नस दिली. कोणी रोवणीच्या टोळीत नवीन गेली, दिवसभर वाकून कंबर गेली, धुऱ्यावर बसल्यावर शेजारणीने पन्नी पुढे केली. तोंडात काही असलं की भूक कळत नाही, आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या बाईला भूक न कळणं सोयीचंच असतं. म्हणून आम्हाला ही निव्वळ चैन वाटत नाही. पण सोयीसाठी धरलेली गोष्ट पुढे मालकीण होऊन बसते.

तंबाखूत निकोटीन असतं. ते रक्तातून मेंदूत जातं आणि थोडा वेळ बरं वाटतं. उतरलं की मेंदू पुन्हा मागतो. या मागण्यालाच आपण तलफ म्हणतो. खर्ऱ्यात सुपारीही असते आणि सुपारीचीही सवय लागते, म्हणून खर्रा दुहेरी धरून ठेवतो. काही बाया म्हणतात, तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो. त्यांना सांगणं आहे की, नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वीस वर्षांपूर्वीच ते सांगून ठेवलं आहे. तोंड आखडत जातं, भाकरीचा घास मोठा वाटायला लागतो, तिखट झोंबतं, ते मुख्यतः सुपारीमुळे. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते आज घरी आरशासमोर पाहा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. दवाखान्यात दाखवा. सुरुवातीला हे दुखतच नाही, हीच तर त्यातली फसगत आहे.

आता तलफेकडे येऊ. आमच्या कामातल्या एका गावात मागच्या वर्षी सात जणींनी एकत्र सोडायचं ठरवलं. त्यातल्या चौघी आजही खात नाहीत. एक सकाळची नस तेवढी लावते. दोघी परत सुरू झाल्या, पण बैठकीला येतात आणि पुन्हा प्रयत्न करू म्हणतात. त्या सात जणींकडून आम्ही जे शिकलो, ते सांगतो.

त्यांनी पहिल्याच दिवशी खर्रा बंद केला नाही. आधी आठ दिवस मोजला. लिहिता न येणाऱ्या काकूंनी एक डबी घेतली आणि प्रत्येक वेळी तोंडात टाकताना डबीत एक चिंचोका टाकला. त्यांना वाटत होतं, आपण दिवसातून तीनदा खातो. संध्याकाळी डबीत नऊ चिंचोके निघाले. "मीच खाल्लो का जी एवढा?" असं त्यांनी विचारलं आणि सगळ्या हसल्या. पण त्या मोजण्यातून एक गोष्ट कळली. तलफ दिवसभर सारखी नसते, तिच्या वेळा ठरलेल्या असतात. सकाळी उठल्यावर, चहानंतर, जेवणानंतर, दुपारी आडवं होताना, आणि घरात कोणी बोललं की लगेच. कुठल्या वेळी ती येणार हे माहीत असलं, की त्या वेळेची तयारी करता येते.

दुसरी गोष्ट, एक तलफ फार वेळ टिकत नाही. पाच-दहा मिनिटं ती जोरात असते, मग आपोआप उतरते. खाल्लं तरी उतरते, नाही खाल्लं तरी उतरते. हे ऐकून पटत नाही, एकदा घड्याळ लावून पाहावं लागतं. तेवढी दहा मिनिटं काढायची. उठून जागा बदला. गोठ्यात जा, तांदूळ निवडायला घ्या, गुंडभर पाणी भरून आणा. घोट घोट पाणी प्या. नाकाने लांब श्वास घेऊन तोंडाने हळू सोडा, असं दहा वेळा. तोंडाला काही हवंच असतं, म्हणून बडीशेप, भाजलेला ओवा, लवंग, फुटाणे असं पदराला बांधून ठेवा. जिथे खर्ऱ्याची पन्नी खोचायचो, तिथेच ही पुडी खोचायची. हात सवयीने तिथेच जातो, त्याला काहीतरी सापडलं पाहिजे.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप लागत नाही, कामात मन लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तर, एक जण म्हणाली तसं, "डोक्षात भुंगा शिरल्यावानी" होतं. तिथेच बहुतेक बाया हरतात, कारण त्यांना वाटतं हे असंच राहणार. तसं नसतं. चौथ्या दिवसापासून उतार लागतो, आणि तीन-चार आठवड्यांत शरीराचा त्रास बराच जातो. घरच्यांना आधी सांगून ठेवा की हे चार दिवस मी चिडेन, सांभाळून घ्या. आणि हे चार दिवस रोवणीच्या ऐन हंगामात किंवा घरच्या लग्नात निवडू नका. रोवणी आटोपली, पोळा झाला, जरा उसंत मिळाली की सुरू करा, असं आमचं मत आहे. पोटात बाळ असेल तर मात्र उसंतीची वाट पाहू नका. तंबाखूमुळे बाळ कमी वजनाचं होतं, दिवस भरण्याआधी होतं, कधी पोटातच जातं. त्या बाईने आजच आशाताईला सांगावं.

नस घासणाऱ्यांची एक वेगळीच अडचण असते. त्याशिवाय पोट साफ होत नाही, असं त्या सांगतात, आणि ते खोटं नाही. निकोटीनने आतडी हलतात आणि शरीराला त्याची सवय होते. सोडल्यावर काही दिवस पोट धरून राहतं. सकाळी दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, दिवसभर भरपूर पाणी, एवढं करा. दोन-तीन आठवड्यांत पोट आपलं आपण चालायला लागतं. दाताला बोटाने काही चोळायची सवय असेल तर साधा दंतमंजन घ्या, पण डब्यावर वाचून घ्या, काही मंजनांत तंबाखूच असते. भूकही वाढते. ती वाढू द्या आणि वेळेवर जेवा. इतकी वर्षं मारून ठेवलेली भूक आहे ती.

सगळ्यात अवघड बिडीवाल्या बायांचं. आपल्या भंडारा-गोंदियात बिडीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला तेंदूची पानं, आणि दिवसभर तोच वास. अशा बाईला तंबाखूपासून दूर राहा म्हणणं म्हणजे हलवायाला साखरेला हात लावू नको म्हणणं. तरी त्या सात जणींत एक बिडी वळणारी होती आणि ती टिकली. तिने नाका-तोंडावर ओला रुमाल बांधला, दर तासाला उठून हात-तोंड धुतलं, आणि सुपाशेजारी फुटाण्याची वाटी ठेवली. रुमालाचा फायदा वेगळाच झाला, खोकला कमी झाला. घरातल्या म्हाताऱ्या सासऱ्यांनाही हेच लागू होतं. त्यांची बिडी चहाला बांधलेली असते, तर चहाची जागा बदलून पाहा. बिडी सोडल्यावर सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो, त्याला घाबरू नका. पण थुंकीत रक्त दिसलं तर लगेच दवाखाना.

लग्नात, मंडईत, रात्रभराच्या नाटकात कोणीतरी पन्नी पुढे करणारच. "एक घे, का होते" म्हणणारी आपलीच मैत्रीण असते. तिला काय उत्तर द्यायचं ते घरूनच ठरवून जा. आणि खाल्लाच एखादा, तर महिनाभराची मेहनत पाण्यात गेली असं समजून दुसरा मागू नका. परत सुरू झालेल्या त्या दोघी एका खर्ऱ्याने नाही गेल्या. "आता काय, सुटलंच" म्हणून दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर गेल्या, तिथे गेल्या.

ज्यांना फारच जड जातं, त्यांच्यासाठी मेडिकलमध्ये निकोटीनची चघळण्याची गोळी मिळते. ती खर्ऱ्यासारखी सारखी चावायची नसते. थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालात धरायची, मग पुन्हा चावायची. चहाबरोबर घ्यायची नाही. किती आणि किती दिवस, ते डॉक्टरांना विचारून घ्या. पोटुशीने आणि हृदयाचा त्रास असणाऱ्या बाईने तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

पैशाचं सांगितलं नाही तर गटाचं बोलणं पूर्ण होत नाही. वीस रुपयांचा खर्रा धरा, दिवसाला दोन. महिन्याला बाराशे रुपये. महिना शंभर रुपयांची आपली बचत वर्षभरात तेवढी होते. म्हणजे वर्षाची बचत आपण एका महिन्यात थुंकून टाकतो. त्या चौघींनी एक खर्रा वाचवला की वीस रुपये वेगळ्या डब्यात टाकले. एकीने त्यातून शेळी घेतली. दुसरीने काय घेतलं ते ती सांगत नाही, नवऱ्याला कळेल म्हणते.

शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ नावाचं काम चालू आहे. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूबरोबर तंबाखूही हातात घेतली, आणि गावातल्या बायांच्या संघटना त्यात पुढे आहेत. लाखांदूरहून वडसा काही दूर नाही. प्रभागसंघाच्या बैठकीत विषय घेऊन एखादं गाव पाहून येता येईल.

सरकारने गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आणली, पुढे खर्राही बंदीत आला, पण पानठेल्यावर तो घोटला जातोच. तंबाखूच्या पाकिटावर कर्करोगाचं चित्र असतं आणि सोडण्यासाठी मदतीचा नंबरही छापलेला असतो. खर्रा साध्या पन्नीत येतो, त्यावर ना चित्र ना नंबर. म्हणून तो नंबर इथे सांगतो, गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या: १८००-११-२३५६. फोनला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि कोण बोलते हे गावात कोणाला कळत नाही. तलफ अंगावर आली असताना लावला तरी चालतो.