लेण्यात कोरलेला व्याजाचा हिशेब



बचत गटाची सहल म्हटली की ठिकाणं ठरलेली. शिर्डी, वणी, त्र्यंबक. देवदर्शनाला घरातून कुणी नाही म्हणत नाही. आमच्या गटानं यंदा ठरवलं की नाशिकची पांडवलेणी बघायची आणि येताना सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ. झालं, घराघरांतून एकच प्रश्न. दगडं बघायला पैसे घालवायचे? बायकांचं तिथं काय काम?

त्याचं उत्तर त्या दगडांवरच आहे, म्हणून आज हे सांगतेय.

पांडवलेणी हे नाव मागाहून पडलं, पांडवांचा तिथं संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंची लेणी. एकूण चोवीस आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे लेख तिथं भिंतींवर कोरलेले आहेत, पण लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत, आपल्याला वाचता यायची नाही. आम्ही गावच्या हायस्कूलमधल्या इतिहासाच्या बाईंना बरोबर नेलं. तुम्हीही कुणी जाणकार न्याच, नाहीतर अंधाऱ्या खोल्या बघून परत याल.

दहाव्या लेण्याशी बाई थांबल्या. नहपान राजाचा जावई उषवदात, त्यानं हे लेणं भिक्खूंना दिलं. सोबत त्यांच्या खर्चासाठी पैसेही दिले. ते पैसे ठेवले कुठं, तर गोवर्धनच्या विणकरांच्या संघांकडे. गोवर्धन गाव नाशिकजवळ गोदाकाठी आजही आहे बरं का. एका संघाकडे २००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, महिना शेकडा एक व्याजानं. दुसऱ्याकडे १०००, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण.

आमच्या गटाचा हिशेब ठेवणाऱ्या वहिनी तिथंच बोटांवर मोजायला लागल्या. शेकडा एकनं महिन्याला वीस, वर्षाचे २४०. वीस जणांना बारा-बारा, तेही २४०. पै इकडची तिकडे नाही! मग म्हणाल्या, "आपण शेकडा दोन घेतो, हे तर एकच घेत होते." त्यावर जी चर्चा सुरू झाली ती पार गाडीत बसेपर्यंत चालली.

पुढं असंही कोरलंय की हा व्यवहार नगराच्या सभेत ऐकवला आणि दफ्तरात नोंदवला. म्हणजे ठराव आणि प्रोसिडिंगच की. सही-अंगठ्याला कंटाळणाऱ्या आमच्या दोघीतिघी जरा गप्प झाल्या.

त्याच लेण्यात एका खोलीच्या दारावर उषवदाताच्या बायकोचं नाव आहे, दखमित्रा. ती खोली तिनं दिलेली. खोलीला लेखात 'ओवरक' म्हटलंय. आपल्या देवळातली ओवरी ती हीच.

अठराव्या लेण्यात, जिथं स्तूप आहे, तिथं भटपालिका नावाच्या बाईचा लेख आहे. ते चैत्यगृह तिनं पुरं करून घेतलं. नवरा राजाचा अमात्य होता, त्याचंही नाव आहे, पण काम पुरं केलं म्हणून नाव तिचं. आणि दारावरच्या कमानीचं दान एका अख्ख्या गावाचं आहे. धंभिक गाव, नाशिककरांचं. कुण्या राजाचं नाव नाही, गावाचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तिसऱ्या लेण्यात. ओसरीखाली दगडी बुटके पुरुष सगळा भार खांद्यावर घेऊन बसलेत, त्यांना बघून हसून घेतलं. हे लेणं दिलं गौतमी बलश्रीनं. गौतमीपुत्र सातकर्णीची ती आई. नातू पुळुमावी गादीवर असताना, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिनं हा लेख कोरवला. स्वतःला ती महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. लेकाच्या पराक्रमाची जी माहिती इतिहासाच्या पुस्तकात असते, त्यातली बरीचशी या आईच्या लेखातून आलेली आहे. लेण्याच्या देखभालीसाठी नातवानं एक गाव लावून दिलं.

घरी सगळ्यात जास्त विरोध केलेल्या एक सासूबाई सुनेवर लक्ष ठेवायला म्हणून आल्या होत्या. त्यांनी बाईंना तीनदा विचारलं, "राजा आईचं नाव लावायचा? खरंच?" बाई म्हणाल्या, "हो. आणि त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र." सासूबाई सुनेकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस का गं?" आता यात टोमणा होता की कौतुक, ते आम्हाला अजून कळलं नाही.

सिन्नरला ऊन उतरता पोचलो. यादवांच्या काळचं देऊळ, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळं. नक्षी बघताना मान अवघडते.

आता खर्चाचं. गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही, लावूही नये असं माझं ठाम मत आहे. तो पैसा कर्जासाठी असतो. दर बैठकीला वीस रुपये सहलीची वेगळी वर्गणी काढली. दोघींना जमत नव्हतं, त्यांचं बाकीच्यांनी वाटून घेतलं आणि बोभाटा केला नाही. एसटीनं गेलात तर बायकांना मार्च २०२३ पासून तिकीट निम्मं आहे. लेण्यांना पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा सकाळी लवकर निघा. गुडघे धरणाऱ्या बायांना मागं ठेवू नका, टप्प्याटप्प्यानं चढवा. पाणी न्या. वर चढण्याआधी खालीच शौचाला जाऊन या, लाजू नका. आणि भिंतीवर खडूनं, किल्लीनं नाव लिहिणारी पोरं दिसली तर रागवा.

पुढची सहल जुन्नरकडं, नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख बघायला, असं ठरतंय. तिथं एक दगडी रांजणही आहे, जकातीचा म्हणून दाखवतात. पण आमच्या गावाहून ते लांब पडतं, एक रात्र मुक्काम करावा लागेल. बायकांनी रात्री बाहेर राहायचं का, यावर गावात बोलणं सुरू झालंय. वर्गणीही सुरू झालीय. त्या सासूबाईंचे वीस रुपये पहिले आले.