पाणी सुटण्याआधी चारी

(जिल्हा बैठकीतील भाषण)



होळी झाली. द्राक्षांची तोडणी आटोपत आली, एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आहे. कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटेल. त्याआधीचे दिवस चारीचे आहेत. आज आम्ही तेवढेच बोलणार आहोत.

धरण सरकारचे, कालवा सरकारचा, मग चारीही सरकारनेच नीट करावी, असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. सरकारने केली नाही, आपणही केली नाही. चारी फुटली तिथे वरच्याच्या शेतात दलदल झाली आणि शेपटाकडच्याचे पीक वाळले.

वाघाडच्या कालव्यावर शेपटाकडे असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांनी यातून वाट काढली. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास तिथे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेने पाणी मोजून घ्यायचे आणि सभासदांत आपणच वाटायचे. पुढे साऱ्या वाघाड प्रकल्पावर अशा संस्था झाल्या. २००५ साली राज्यात तसा कायदाही आला.

मोजून घेण्यातच खरी मेख आहे. क्षेत्रावर पाणीपट्टी होती तेव्हा गळतीचे कोणाला सोयरसुतक नव्हते. मोजून घेतलेले पाणी गळाले, तर पैसा आपला जातो.

काम अवघड नाही. सुरुवात शेपटाकडून करा. वरून सुरू केले की वरच्यांचे झाल्यावर माणसे पांगतात. गाळ आणि गवत काढा. काळी माती उन्हाने भेगाळते, खेकड्यांची आणि घुशींची बिळे भरावातून आरपार जातात. वरून नुसती माती ढकलू नका. बीळ शेवटपर्यंत उकरा, ओली माती थराथराने चोपून भरा. मग थोडे पाणी सोडा आणि वरचा-खालचा मिळून चारीच्या काठाने एकदा चालत जा.

कोणी म्हणेल, सरकारचे काम आपण फुकट का करायचे? फुकट करूच नका. कोण किती दिवस राबला ते संस्थेच्या वहीत लिहा आणि पाणीपट्टीत वळते करा. मोजणीच्या वरचा कालवा ही खात्याची जबाबदारी. ती लेखी मागा, पोच घ्या.

कांद्याला भाव मागताना आपण घामाचा हिशेब मांडतो. तोच हिशेब पाण्याचाही मांडू. आपली चारी गळत असेल, तर दुसऱ्याकडे बोट दाखवायला आपला हात मोकळा राहत नाही.