गोंगाट आणि गाऱ्हाणे

(रत्नागिरी येथील अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



रत्नागिरीला ब्रह्मदेश परका नाही. राज्य गमावलेल्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले. १९१६ साली तो येथेच वारला. त्याच ब्रह्मदेशातील रंगून शहरात, २००७ साली भिक्षूंचा उठाव चिरडला गेल्यानंतर, काही तरुणांनी 'रिबेल रायट' नावाचा पंक वाद्यवृंद उभा केला. पंक म्हणजे १९७० नंतरच्या दशकात लंडन-न्यूयॉर्ककडे निपजलेले, जाणूनबुजून ओबडधोबड ठेवलेले कर्कश संगीत. ताठ उभे केलेले केस, फाटके कपडे, गिटारचा कल्लोळ. पाश्चात्त्यांचे अंधानुकरण, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे असते. डाव्या मंडळींनीही तो मारलेला आहे.

अभ्यासक तेवढ्यावर थांबले नाहीत. एमा बोल्च यांनी १९९० नंतरच्या बालीतील आणि जेरेमी वॉलाक यांनी सुहार्तोंच्या १९९८ मधील पतनाच्या आगेमागच्या इंडोनेशियातील अशा तरुणांचा अभ्यास केला. गाणे चांगले की वाईट, यापेक्षा ते कोण गाते, कोठे जमून गाते आणि कोणाला खुपते, हे प्रश्न येथे महत्त्वाचे ठरतात. खुपते हे निश्चित. डिसेंबर २०११ मध्ये बांदा आचे येथे पोलिसांनी अनाथ मुलांच्या मदतीसाठी भरलेल्या कार्यक्रमातून साठांहून अधिक पंक तरुणांना पकडले, त्यांची डोकी भादरली आणि 'सुधारणे'साठी त्यांना पोलीस प्रशिक्षण केंद्रात डांबले. २०२५ च्या फेब्रुवारीत 'सुकातानी' या जोडीला पोलिसांच्या लाचखोरीवरील गाणे मागे घेऊन, मुखवटे उतरवून माफी मागावी लागली. पुढे पोलीसप्रमुखांनी त्यांनाच पोलीसदलाचे दूत होण्याचे निमंत्रण दिले! ते त्यांनी नाकारले.

हे रत्नागिरीत सांगण्याचे कारण जाखडी. मध्ये ढोलकी आणि गाणारे, भोवती पायांत चाळ बांधलेले नाचे, आणि शक्तीवाले व तुरेवाले यांचे रात्रभर चालणारे सवाल-जबाब. कोकणातला कुणबी गिरणीत आणि घरगडी म्हणून मुंबईस गेला, तशी ही कलाही चाळीत गेली. पांढरपेशा मुंबईने तिला 'बाल्या नाच' म्हणून हिणवले. परळच्या दामोदर नाट्यगृहात मात्र तिला तिकीट काढून येणारा कामगार प्रेक्षक मिळाला. जाखडी म्हणजे बंड नव्हे. तिचा विषय बहुधा पुराणातला आणि स्त्रिया दीर्घकाळ रंगणाबाहेर, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत.

तरीही चळवळीच्या एका उणिवेकडे बोट दाखवलेच पाहिजे. अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांचे आवाज चळवळीने ऐकले, कारण ते तिच्याच व्यासपीठावरून उमटले. वाडीच्या मंडळासाठी गाणारा गिरणी कामगार तिच्या हिशेबात वेतन, बोनस आणि मोर्चातील संख्या एवढाच राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा कित्येक गावी परतले. त्या वर्षांत त्यांच्या बाऱ्यांतून काय गायले गेले, कोणता सवाल नव्याने विचारला गेला, याची नोंद किती जणांनी ठेवली?

शाहिरांच्या हस्तलिखित वह्या अजून नाहीशा झालेल्या नाहीत. संप पाहिलेले गायक आज वृद्ध आहेत. येत्या गौरी-गणपतीत वाड्यांतून जाखडी उभी राहील, तेव्हा येथील महाविद्यालयांतल्या चार-दोन विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्या ओटीवर बसावे. पहिला प्रश्न गाण्याचा नको. गिरणी कोणती, खाते कोणते आणि गाळ्यात माणसे किती होती, येथून सुरुवात करावी.